दोन भोवरे आणि कोरा चहा

तुमच्या वर्गात रोज दाराबाहेर उभी राहणारी एक मुलगी होती ना? ती वर्गात का बसू शकत नव्हती, असं तुम्ही तेव्हा कुणाला विचारलं होतं का? मीही नव्हतं विचारलं. माझ्या माहितीत तेव्हाच्या सबंध सोलापुरात हा प्रश्न मनापासून विचारणारा एकच माणूस होता, आणि त्याला स्वतःलाच एका जागी बसता येत नव्हतं. ते आमच्या पेठेतले डॉक्टर.

मूळचे अक्कलकोटकडचे. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि परतीची वाट विसरायचे. दवाखान्यात त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर मी कायम पेशंटांच्या पिशव्याच पाहिल्या. डॉक्टर येरझाऱ्या घालत तपासायचे आणि पेशंट बिचारा जीभ बाहेर काढून त्यांच्यामागे मान फिरवत राहायचा. खिशात भाजलेल्या शेंगा असायच्या. टरफलांच्या मागावर गेलं की डॉक्टर आत्ता कुठल्या घरी आहेत ते कळायचं. पेशंट बघायला सायकलवर जायचे आणि सायकल तिथंच विसरून चालत परत यायचे. ती आणून लावणं हे आमच्या पेठेचं सार्वजनिक काम होतं. एकदा माझ्या आईला इंजेक्शन दिल्यावर ते खिडकीबाहेरचा टांगा बघत राहिले, मग वळून म्हणाले, "दिलं का हो मी?" आई दंड झाकत दारापर्यंत गेली न् म्हणाली, "दिलं की! आता दुसरं देऊ नगा."

या माणसाच्या डोक्यात एक खूळ होतं. परदेशातली जुनी वैद्यकीय मासिकं ते कुठून कुठून मागवायचे. त्यांत वाचलं होतं, की काही मुलं चंचल असतात ती वाह्यात म्हणून नव्हे, त्यांची घडणच मुळात तशी असते. मग ती घडण अंगावर कुठंतरी दिसलीच पाहिजे, असं डॉक्टरांनी धरून घेतलं. खोकला घेऊन आलेल्या पोराची आधी करंगळी वाकडी आहे का बघत, मग कानाच्या पाळ्या, मग डोक्यावरचे भोवरे मोजत. आता दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टर मुलींचे भोवरे बघतात ही बातमी पसरली आणि आया लेकींच्या डोक्याला फडकी बांधून दवाखान्यात आणू लागल्या. डॉक्टर कळवळून म्हणायचे, "अय्यो, मी काय सोयरिकी जमवतो व्हय? मेंदूचं बघतोय की मी!" त्यानं तर आया जास्तच घाबरायच्या.

माझी धाकटी बहीण सुमी. तिला दोन भोवरे होते, करंगळीही वाकडी. तिला बघून डॉक्टरांना लॉटरी लागल्यासारखं झालं. सुमी कवितेचं पहिलं कडवं बाकावर, दुसरं खिडकीत आणि तिसरं मैदानावर म्हणायची. पाटी एकीकडे, पेन्सिल दुसरीकडे. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, निरोप धाडला होता: मुलीला वळण लावा, नाहीतर नाव कमी करू. आमचे अण्णा गिरणीत कामाला, संघटनेचे पुढारी. आमच्या घरात पत्रकं एवढी, की मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. सरकार, मालक, कुणालाही अण्णा घाबरत नसत. पण बाईंच्या निरोपानं त्यांची मान खाली गेली. म्हणाले, "शाळा बास. घरात कांड्या भरायला बसवू." मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम आमच्या पेठेत घरोघर चाले.

डॉक्टर धावत आले. तिकडं असल्या मुलांना तरतरी आणणारी गोळी देतात आणि मुलं उलट शांत होतात, असं त्यांनी वाचलं होतं. "गोळी हितं कुटं मिळायची? पण चहानं बी तरतरीच येती की. पोरगी शांत झाली तर समजा, दोष स्वभावाचा न्हाय, घडणीचा हाय." शाळेत जाण्याआधी आई सुमीला अर्धा कप कोरा कडक चहा देऊ लागली. आणि काय सांगू, चौथ्या-पाचव्या दिवशी सुमीनं सबंध कविता एकाच बाकावर म्हटली! मोठ्या बाई चकित झाल्या आणि नाव कमी करायचं थांबलं. पेठेतल्या यच्चयावत आया पोरांना कोरा चहा पाजू लागल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं तर पाटीवर लिहिलं, 'डॉक्टरी चहा'.

इथं दुसरा कुणी असता तर हार घालून घेऊन गप्प बसला असता. डॉक्टर बसणार कसे? त्यांच्या मनात आलं, शांत पोरांना पाजला तर? सुमीच्या वर्गाची मॉनिटर म्हणजे मोठ्या बाईंची भाची, देवळातल्या समईसारखी स्थिर मुलगी. ताप दाखवायला आली होती ती बरी झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या आईला विचारून तिला तोच चहा पाजला आणि गणितं घातली. भाची आणखीच ताठ बसली, गणितंही भराभर सोडवली. मग आणखी दोन-चार शांत पोरं, तोच प्रकार. डॉक्टर कपाळाला हात लावून घरभर हिंडले. चहानं शांत होणं ही खूण नव्हतीच, तो कुणालाही लागू पडत होता. तेवढ्यात दोन भोवऱ्यांची तीन अगदी शांत पोरंही निघाली. खुणेची तीही वाट बंद.

आई त्यांना विनवत होती, "डॉक्टर, पाया पडते, गप बसा की. पोरीची शाळा टिकलीया."

"वैनी, खोट्यावर टिकलेली शाळा किती दिवस टिकंल?" म्हणत त्यांनी दवाखान्याच्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'चहावरून काहीही ओळखता येत नाही. मी चुकलो. पोरांना चहा पाजू नये.' आणि स्वतः शाळेत जाऊन बाईंना सांगून आले. बाईंनी सरळ अर्थ काढला: खूण नाही म्हणजे आजार नाही, आजार नाही म्हणजे वाह्यातपणा. शनिवारी नाव कमी होणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर आमच्याकडे आले, अर्थात चालत. अण्णा कांड्या भरायचा रहाट पुसत होते.

"काय पुढारी, शाळेत बसत न्हाय म्हणून पोरीला दिवसभर रहाटाला बसवणार व्हय? हे गणित मला शिकवा की."

"तुमीच म्हणालात ना, खूण न्हाय म्हणून?"

"मला सापडली न्हाय म्हणालो. मला माझी सायकल बी सापडत न्हाय, म्हणून ती जगात न्हाय व्हय? चहानं गप झाली म्हणून आजारी ठरत न्हाय, आन् खूण मिळत न्हाय म्हणून लबाड ठरत न्हाय." मग हिंडता हिंडता त्यांनी कोनाड्यातलं एक पत्रक उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "कामगार हा यंत्राचा सुटा भाग नाही. त्याला हलायला, श्वास घ्यायला जागा हवी. झकास लिवलंय! हे फक्त मालकानं वाचायचं व्हय? घरात लागू न्हाय?"

अण्णांनी पुसायचं फडकं रहाटावर टाकलं. मग म्हणाले, "सुमे, दप्तर कुटं टाकलंस?"

दप्तर अर्थातच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा दप्तराशिवाय सुमीला घेऊन शाळेत गेले आणि गिरणीच्या फाटकावर बोलायचे तसे मोठ्या बाईंशी बोलले. तडजोड झाली: सुमी दाराजवळच्या बाकावर बसेल, फळा ती पुसेल, पाण्याची घागर ती भरेल, पाढे उभ्यानं म्हणेल. सुमी यंदा मॅट्रिक झाली. दुसऱ्या खेपेला, पण झाली.

एकदा सुमीनं डॉक्टरांना खाली वाकायला लावून विचारलं होतं, "तुमचे भोवरे कुटं हायत?" टकलावरून हात फिरवत ते म्हणाले, "गेला की पुरावा गळून! पण गावाकडं मास्तरांनी मला खांबाला बांधलं होतं. तेवढा पुरावा मला बास."

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. सगळी पेठ त्यांच्या दारात जमली होती, फक्त सायकल नव्हती. कुणाच्या घरी राहिली ते आम्हाला अजून कळलेलं नाही. मी अजूनही अनोळखी दारांत ती शोधतो.

अण्णांसारखाच पत्रकं लिहिणारा माणूस आहे मी, शेवटी काहीतरी मागितल्याशिवाय मला राहवत नाही. उद्या तुमच्या गल्लीतल्या शाळेवरून जाल तेव्हा थोडं थांबा. दाराबाहेर एखादी मुलगी उभी असेल. तिच्या डोक्यावरचे भोवरे मोजू नका. आत जाऊन बाईंना एवढंच विचारा, "हिला दाराजवळचा बाक देता का?"