विचारल्याशिवाय नाही

कुणाबद्दल लिहिण्याइतका मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मीच पहिला, तेव्हा चुकलं तर माफ करा. पण बेलापूरच्या खत-बियाण्यांच्या दुकानात संगणकावर बसणाऱ्या ताईंबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो.

गिऱ्हाइकाचा नंबर टाइप करण्याआधी त्या प्रत्येकाला विचारायच्या, "मामा, दुकानाचा मेसेज आला तर चालंल ना?"

एक म्हातारे म्हणाले, "चालंल की! पोरगं तर फोन करीतच न्हाई, तुमी तरी करा."

ताई हसायच्या, पण होकार घेतल्याशिवाय बोट कीबोर्डवर ठेवायच्या नाहीत.

एके दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीचा एजंट सगळ्यांचे नंबर मागायला आला. मालक म्हणाले, "दे पेनड्राइव्हमध्ये."

"लोकांनी नंबर आपल्याला दिलेत, यांना न्हाई. एकेकाला विचारते, मग देते."

"मालक तू हायेस का मी? देत नसशील तर उद्यापासून येऊ नको."

ताईंनी डबा उचलला आणि त्या निघून गेल्या. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणालो. मालकांना संगणक चालवता येत नव्हता, त्यामुळे एजंट तसाच परतला.

मालकांनी मला पोती उचलायला ठेवलं आणि संगणकावर नवीन माणूस बसवला. ही गोष्ट गावभर झाली. काही दिवसांनी मालकांनी मलाच ताईंच्या घरी पाठवलं. मी निरोप सांगितला, "ताई, चला. गिऱ्हाइकं नवीन माणसाला नंबरच सांगत न्हाईत. म्हणतात, आधी ताईंना बोलवा."