चव्वेचाळीस नावांची यादी

आमच्या गावात लग्नाच्या पंगतीला किती पत्रावळ्या लागतील हे आचारी सांगत नसे, कॅप्टन सुग्रीव कच्छवे सांगत. पोरीचा बाप म्हणाला, 'असतील पाच-सहाशे,' की यांचं डोकं फिरायचं. "असतील म्हंजे काय? मोजलेत का तुमी?" लोक पाठीमागं हसायचे. मी रिटायर मास्तर, त्यामुळं मला तोंडावर हसायची मुभा होती. ते मला गुरुजी म्हणायचे आणि सहन करायचे.

अठराव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस तीस वर्षं लष्कराच्या पुरवठा खात्यात राहिला. गोळी झाडली ती फक्त सरावाला. पीठ, डाळ, रॉकेल, बूट वेळेवर पोचवणं ही यांची लढाई. लडाखात रस्ते बर्फाखाली जायच्या आत सहा महिन्यांचं रेशन वर चढवायचं, कुणाला कधी सुट्टी द्यायची, घरून फोन आला की कोण जेवत नाही यावर नजर ठेवायची, हे सगळं यांच्याकडं. चढत चढत सुभेदार मेजर झाले आणि निवृत्त होताना मानद कॅप्टन. ते म्हणायचे, "गुरुजी, जवान उपाशी राहतो तो आधी कागदावर राहतो. यादीत नाव चुकलं की ताटात वाढायला कुणी नसतंय." हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी कान टवकारणं सोडून दिलं होतं. तिथंच माझंही चुकलं.

दोन वर्षांमागची गोष्ट. दिवाळी उलटली होती. ऊसतोडीची टोळी देवगाव फाट्याकडून येऊन आमच्या गावाच्या पलीकडं, ओढ्यापल्याडच्या मळ्यात खोपट्या टाकून उतरली होती. अवकाळी पाऊस तीन दिवस कोसळला, वरच्या धरणाचं पाणी सुटलं, नदी फुगली आणि ओढा उलटा भरला. सकाळी सहाला टोळीचा मुकादम रामप्रसाद कॅप्टनच्या दारात उभा. तो रात्री गावात झोपला होता आणि त्याची सगळी माणसं पल्याड महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर चढून बसली होती. तालुक्याला, पालमला, फोन झाला. बचाव पथक निघालं होतं, पण पोखर्णीच्या पुढं रस्त्यावरून पाणी वाहत होतं.

"माणसं किती?" कॅप्टननी विचारलं.

"बावीस कोयते, साहेब." मुकादमानं वही पुढं केली. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा ऊसतोडीतला हिशोब. चव्वेचाळीस नावं, अंगठ्यांसकट.

मग जे झालं ते बघत राहावं असं होतं, खोटं कशाला बोलू. अर्ध्या तासात गुऱ्हाळावरची गूळ आटवायची भली मोठी काहील नाव म्हणून ट्रॅक्टरवर घालून ओढ्यावर आणली. बालाजी भोई कमरेला दोर बांधून पोहत गेला, देवळाच्या खांबाला दोर बांधून परत आला. काहिलीला दोन बाजूंनी दोर लावले, इकडून आम्ही ओढायचं, तिकडून त्यांनी. गणेश मंडळाचा बॅटरीवरचा भोंगा कॅप्टनच्या हातात, वही आणि पेन माझ्या हातात. आलेला माणूस चहा न पिता थेट ट्रॅक्टरनं गावच्या शाळेत पाठवायचा, काठावर गर्दी नको.

पहिल्याच खेपेला दहा जण घुसले आणि काहील उलटता उलटता राहिली. कॅप्टन भोंग्यावर गरजले, "नाव पुकारल्याबिगर कुणी जागचं हलायचं न्हाई! एका टायमाला सहाच! जास्त एक बी न्हाई!"

चौघं परत उतरले, आणि नंतर सगळं शिस्तीत झालं. तीन कोयते, एक खेप. मी नाव सांगायचो, ते पुकारायचे, माणूस उतरला की मी खूण करायचो. तान्ही पोरं मांडीवर, थोडी मोठी खांद्यावर येत होती. आठव्या खेपेला एकच जोडपं उरलं. काहिलीत चार माणसांची जागा मोकळी होती. मी शेवटची खूण केली. कॅप्टननी वही घेतली, बोट लावून मोजलं आणि म्हणाले, "चव्वेचाळीस. एकही माणूस गेला न्हाई, गुरुजी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात शाळेकडून एक बाई चिखलातून पळत आली. कडूबाई, दुसऱ्या खेपेत आलेली. कडेवर लहानगं.

"माजी शिवकन्या कुठाय? समदे आले, ती न्हाई आली."

कॅप्टननी वहीकडं बघितलं. "शिवकन्या नावाचं यादीत कुणी न्हाई."

"यादीत कशी असंल, साहेब? ती का कोयता हाय का? लेकरू हाय माजं. अकरा वर्साचं. तुमी सहाच म्हनलात. ती म्हनली, आई, तू हो पुढं, मी मागून येते."

मुकादमाची मान खाली गेली. टोळीच्या वहीत पोरं लिहीतच नाहीत. पोरं ऊस तोडत नाहीत, मग लिहायची कशाला? हे रामप्रसादला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. दर साली दिवाळीनंतर माझ्या वर्गातली अशी पोरं गायब व्हायची आणि मी पटावर लाल रेघ मारायचो. आणि कॅप्टनला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्यांचे आई-बाप ऊसतोडीचेच. त्यांचं लहानपण फडात, बैलगाडीखाली गेलेलं. ते ओढ्याकडं बघत उभे राहिले.

पाणी पायऱ्या बुडवून देवळाच्या ओट्यावर चढलं होतं. तिथं कुणीच दिसत नव्हतं.

"दोर ढिला पडलाय, साहेब," बालाजी म्हणाला. "खांब हालायलाय. आता काहील जायची न्हाई. गेली तर येयाची न्हाई."

कॅप्टन काहिलीत बसले सुद्धा. वय पासष्ट, एक गुडघा बदललेला. शिवी हासडून बालाजीही बसला. तिकडून ओढायला आता कुणी नव्हतं. दोघं दोर हातानं ओढत पुढं सरकू लागले. मध्यावर काहील गरकन फिरली आणि वाहत आलेल्या बाभळीला धडकली. कडूबाईनं डोळे मिटले. माझ्या हातातला दोर तळव्याचं कातडं सोलत सुटत होता आणि मी देवाला नवस बोलायचं सोडून स्वतःलाच शिव्या घालत होतो.

धारेतून कॅप्टनचा आवाज आला. "गुरुजी! भोंगा घ्या! पोरीचं नाव घ्या!"

मी भोंगा तोंडाला लावला. "शिवकन्या!"

शेवटच्या जोडप्यालाही दिसली नव्हती अशी आत गाभाऱ्यात बसलेली ती लगेच बाहेर आली. लगेच. कमरेएवढ्या पाण्यात दाराची चौकट धरून उभी राहिली. पोरगी झोपली नव्हती, घाबरून लपलीही नव्हती. नाव पुकारल्याशिवाय हलायचं नाही, असा हुकूम होता आणि ती तो पाळत बसली होती. तीन तास.

ते परत कसे आले हे मला आजही नीट सांगता येत नाही. आम्ही वीस-पंचवीस जणांनी दोर ओढला. काहील काठाला लागली आणि पाठोपाठ तिकडला खांब दोरासकट पाण्यात गेला. पुढचं मला बालाजीनं सांगितलं. काहिलीत पोरगी रडली नाही. थरथरत होती, दात वाजत होते, आणि तिनं कॅप्टनला एकच विचारलं, "साहेब, आमची बारकी सातीजण पोचली का? मी एकेकाच्या मांडीवर देऊन लावून दिली. मोजून दिली."

कॅप्टनना माहीत नव्हतं. सात होती का चार, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. आणि तीस वर्षं आकड्याशी कधी खोटं न बोललेला माणूस म्हणाला, "पोचली, बाळा. समदी पोचली."

काठावर उतरल्यावर त्यांनी पोरीला आईच्या हवाली केलं आणि ट्रॅक्टरची वाट न बघता शाळेकडं पळाले, तो नवा गुडघा घेऊन. आम्ही मागं पोचलो तेव्हा ते वर्गात एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होते. एक, दोन, तीन. सहा भरले. त्यांनी परत पहिल्यापासून मोजलं. परत सहा. इतक्यात शिवकन्या दारातून आत आली आणि तिनं आईच्या कडेवरल्या लहानग्याकडं बोट दाखवलं. "माऊलीला धरा की, साहेब."

सात.

कॅप्टन तिथंच फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडू लागले. बायाबापड्या बघत राहिल्या. शेवटी कडूबाईनंच तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला.

"प्या साहेब. आली की माजी पोरगी."

त्यांनी तांब्या घेतला नाही. "मी इचारलंच न्हाई, बाई," ते म्हणाले. "लेकरं किती, हे मी इचारलंच न्हाई."