खिळा ठोकायला एक भिंत

भाड्याच्या घरात राहणाऱ्यानं सामान साचू द्यायचं नसतं. घर बदलताना टेम्पोत चढवायला जीव जातो. त्यामुळं आमच्याकडं साचले ते किस्से! त्यांना टेम्पो लागत नाही आणि घरमालकाची परवानगीही लागत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये घराचा विषय निघाला की अजून सगळ्या माना माझ्याकडं वळतात, जणू आदिलाबादेतली सगळी घरं मीच नाकारून बसले होते. मी नाही हो नाकारली! कोणी नाकारली, ते सांगते.

तेव्हा तेलंगणा व्हायचं होतं, आंध्र प्रदेशच होता आणि आदिलाबाद नुसतं सुटलं होतं. जिकडं पाहावं तिकडं 'वेंचर'. म्हणजे काय, तर कोणाच्या तरी शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या, चार दगड रोवायचे, कमान उभी करायची आणि तिला नगर म्हणायचं. मी सरकारी मराठी मीडियमच्या शाळेत शिकवत होते. आमचे हे पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात होते. दोन पगार, तरी घर भाड्याचं. आणि माझी मागणी काय होती? बंगला नाही, गच्ची नाही, मार्बल तर नाहीच नाही. एक भिंत पाहिजे होती, जिच्यात मला खिळा ठोकता येईल.

हसू नका. माझे बाबा भीमपूरकडचे शेतकरी. मला टीचर ट्रेनिंगला पाठवलं तेव्हा गाव त्यांना म्हणालं, "पोरीले शिकवून काय करतं बापा?" त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. ते गेल्यावर मी त्यांचा फोटो मोठा करून फ्रेम करून आणला, तर घरमालक नरसय्या गारू, म्हणजे आपल्या भाषेत नरसय्याराव, दारातच आडवे. "कील नै मारना टीचरम्मा. दीवार मेरे बेटे जैसी है." झालं! माझे बाबा तांदळाच्या डब्यावर. फॅन जोरात लावला की तोंडावर पडायचे. आई गावाहून आली की चहाच्या आधी हेच विचारायची, "काऊन वं, तुह्या बापाले अजून डब्यावरच ठेवलं?" मला रडू यायचं, रागही यायचा, आणि दोन्ही यांच्यावर निघायचं.

*

शेवटी यांनी एक प्लॅन केला. आमचे हे कोणतंही काम विचार केल्याशिवाय करत नाहीत, आणि विचार केला की बहुतेक काम करतच नाहीत. पण त्या रविवारी उठले! नरसय्या गारू वरच्या मजल्यावर राहत. खाली टाचणी पडली तरी वर ऐकू जायची. तर यांचा प्लॅन असा, की हातोडीला टॉवेल गुंडाळायचा, मी कुकर लावायचा, आणि शिट्टी झाली की त्या आवाजात एक ठोका मारायचा.

पहिली शिट्टी, एक ठोका. दुसरी शिट्टी, दुसरा ठोका. खिळा भिंतीत अर्धा गेला. मी आत गॅस मोठा करते, हे बाहेर स्टुलावर श्वास रोखून उभे. डाळीचं पार पिठलं झालं तरी मी कुकर उतरवेना. तेवढ्यात दारात नरसय्या गारू!

"टीचरम्मा, घर में दो जने, और इतनी दाल कौन खाता?"

हे स्टुलावरून उतरले ते थेट खिळ्यापुढं पाठ लावून उभे राहिले. नरसय्या गारू गेले तसा खिळा उपटला आणि भोकात पांढरी टूथपेस्ट भरली. बोटानं सारखी केली, वरून पावडर लावली. मी म्हटलं, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी नरसय्या गारू मीटर बघायला आले. भिंतीजवळ थांबले, नाक पुढं केलं, दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "दीवार को ब्रश कराये क्या जी?"

बाबा पुन्हा डब्यावर.

*

त्या दिवशी मी ठरवलं, आता स्वतःचं घर पाहिजे म्हणजे पाहिजे. राजू नावाचा एक एजंट लागला मागं. "मॅडम, बसस्टँडपासून दहा मिनिट!" म्हणाला. त्याच्या जीपमध्ये आम्ही दोघं बसलो. दहा मिनिटं झाली, वस्ती संपली. मग शेतं सुरू झाली, मग ढाबे आले. मी विचारलं, "अरे, आदिलाबाद कुठं गेलं?" तो म्हणाला, "इदरीच है मॅडम, आदिलाबादीच है." थोड्या वेळानं रस्त्याकडेला पुढच्या गावाची पाटी आली. गुडीहत्नूर!

"राजू, हे गुडीहत्नूर आहे."

"मॅडम, आज है. शहर बढ़रा ना! आप पैले आके बैठो, शहर पीछे से आता."

माझा पारा चढला होता. आणि आमचे हे, गाडीतून उतरून हायवेकडं बघत, गंभीर चेहरा करून म्हणतात, "अवं, विचार करायला हरकत नाही." परत येताना मी यांच्याकडून तोंड फिरवून बसले. इचोड्याचा ट्रक पुढं होता, त्याच्या धुरात निम्मा रस्ता काढला.

*

मग स्टाफरूमनं मिळून प्लॉट घ्यायची टूम काढली. गावाजवळच्या एका वेंचरमध्ये आम्ही पाच-सहा जणांनी लागून लागून प्लॉट घेतले. रजिस्ट्री झाली, दगडाजवळ नारळ फोडला, सगळ्यांनी आपापल्या प्लॉटवर उभं राहून फोटो काढले. मग कोणाचं लग्न, कोणाची बदली, कोणाचं लोन अडकलेलं. वर्षभर कोणी फिरकलं नाही. दिवाळीच्या आधी मी यांना ओढत नेलं, तर प्लॉटच नाहीत! चुन्याच्या रेघा नाहीत, दगड नाहीत. कमरेएवढा कापूस, पांढराशुभ्र फुटलेला.

मूळ शेतकरी धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. मी तणतणत गेले. "काय हो, आमचा प्लॉट कुठाय?"

"अंदरच हाय ना बाई. पेरलं म्या त्याच्यावर."

"अहो, विकलाय ना तुम्ही आम्हाला!"

"विकला ना जी. म्या कुठं नाई म्हणतो? तुमी बांधून नाई राह्यले. मंग रिकामी जमीन पाह्यवत नाई मले." आणि उठून बोट दाखवत म्हणाला, "थो पाहा, तुमचा हॉल. यंदा सगळ्यात चांगलं बोंड तुमच्या हॉलमंदीच हाय!"

हे निघाले कापसात शिरून दगड शोधायला. मी त्यांचा शर्ट धरून मागं ओढलं. शेतकऱ्याची पोर मी, उभ्या पिकात पाय कसा घालू देणार? भांडायला आलेली बाई, आपल्याच प्लॉटच्या धुऱ्यावर चप्पल काढून उभी! स्टाफरूममधल्या सत्यम सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखी मालकीण मिळाली तर सगळ्या तालुक्यात कापूस लावतील. निघताना त्या माणसानं माझ्या पदरात ओंजळभर कापूस टाकला. "घेजा बाई. तुमच्याच घरातला हाय. वाती करजा."

मी घरी येऊन खरंच वाती केल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. दुसरं काय करणार होते?

*

आता हे सत्यम सर. आमच्याच शाळेतले गणिताचे मास्तर, पण सगळा जोर वास्तूवर. खिशात कायम शाळेच्या लॅबमधलं होकायंत्र. तयार घर पाहायचं ठरलं तेव्हा यांनी सत्यम सरांनाच बरोबर घेतलं. बस्स, तिथून माझे हाल सुरू झाले.

एका घराला ईशान्येला जिना. "नक्को मॅडम." दुसऱ्याचं स्वयंपाकघर झकास, खिडकीतून वारा, पण संडास चुकीच्या कोपऱ्यात. "नक्को." तिसऱ्या घराची विहीर नैऋत्येला. सर कुजबुजले, "घर के मालिक के जान को अच्छा नै." मी मागं वळून पाहिलं, तर आमचे हे गेटबाहेर जाऊन स्कूटरवर बसलेसुद्धा!

असं करता करता एक घर सापडलं. पूर्वेला दार, विहीर जिथं पाहिजे तिथं, पुढं आंब्याचं झाड. हॉलची मोठी भिंत बघून तर मी मनातल्या मनात बाबांना तिथं लावूनसुद्धा टाकलं. सत्यम सर होकायंत्र घेऊन तीनदा फिरले. सुईकडं पाहतात, आकाशाकडं पाहतात. शेवटी म्हणाले, "मॅडम, एक नंबर! ऐसा घर मैं आज तक नै देखा."

मी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "दोन दिवस विचार करू."

सोमवारी स्टाफरूममध्ये सत्यम सरांनी लाडू वाटले. मी लाडू तोंडात टाकून विचारलं, "कशाचे हो सर?"

"घर लिया मॅडम."

"कोणतं?"

"वोइच. आपलोगाँ सोच रै थे ना!"

तो लाडू मला ना गिळता येईना, ना थुंकता. घरी जाऊन यांना सांगितलं, तर हे विचारात पडले. म्हणाले, "तरीच सर तीनदा फिरले!"

*

एवढ्यात नरसय्या गारूंनी बॉम्ब टाकला. हैदराबादला असलेल्या मुलाचं लग्न ठरलंय, सून येणार, दसऱ्यानंतर खालचा भाग रिकामा करा. मी यांना म्हटलं, "आता?" हे म्हणाले, "आता विचार करावा लागंल."

मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, "अहो, विचार करून करून आमचा बाप डब्यावर म्हातारा झाला! मेलेला माणूस म्हातारा झाला, कळतंय का तुम्हाला? पुढच्या घरमालकाच्या पाया पडून पुन्हा विचारू का मी, की माझ्या बापाला भिंत देता का?" आणि रडले. चांगली हमसून हमसून रडले. हे उठून आत गेले. चहा करून आणून दिला. साखर विसरले होते.

मग मीच बाहेर पडले. पोस्टातून रिटायर झालेले एक जण लेकीकडं करीमनगरला चालले होते. त्यांचं छोटं घर कितीतरी दिवस पडून होतं. दोन खोल्या, हॉल, पाणी भरपूर. कोणी घेत का नव्हतं, तर दार पश्चिमेला! सत्यम सरांना कळलं तसे धावत आले. "पश्चिम का दरवाजा! मॅडम, बिल्कुल नक्को!"

"सर, तुम्हाला नको ना? नक्की नको ना?"

"मैं तो मुफ़्त में भी नै लेता!"

"मग हे घर माझं!" मी म्हटलं. कापसाचा प्लॉट विकला, माझं लोन काढलं आणि यांना विचार करायला वेळच दिला नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी घर विकणारे आजोबा म्हणाले, राहुकाल संपू द्या. तो संपला, तर म्हणाले वर्ज्यम सुरू झालं, यातही सही करायची नाही. ते टळलं तोवर साहेब जेवायला गेले. साहेब जेवून आले आणि करंट गेला! मी डोकं धरून बसले. तिथला क्लार्क शांतपणे पान चावत होता. म्हणाला, "मेडम, बाकी काल तो पंचांग में देख लेते. करंट का काल अल्लाह को मालूम."

संध्याकाळी करंट आला आणि घर नावावर झालं. मी ऑफिसच्या पायरीवर बसून भर रस्त्यात डोळे पुसले, कोण पाहतंय याची पर्वा केली नाही.

*

गृहप्रवेशाला सगळे आले. दूध उतू घातलं. प्लॉटातल्या कापसाच्या वाती समईत लावल्या. सत्यम सरांनी होकायंत्र घरी ठेवलं होतं, एवढी कृपा केली. भीमपूरहून आई आली ती फोटो छातीशी धरूनच बसली, कोणाच्या हातात देईना. आणि नरसय्या गारूसुद्धा आले! हातात एक मोठं खोकं. मी उघडलं, तर आत भिंतीवरचं घड्याळ. "हॉल में टाँगना टीचरम्मा," म्हणाले. इतकी वर्षं मला एक खिळा मारू न देणारा माणूस! मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना खुर्ची दिली, ताट वाढलं.

"घड्याळ मग," आई म्हणाली. "पहिले तुह्या बापाले लाव."

मी भिंतीवर जागा दाखवली. पश्चिमेच्या दारातून ऊन थेट तिथं येत होतं. हे स्टुलावर चढले. डाव्या हातात खिळा, उजव्या हातात हातोडी. हातोडीला कधी टॉवेल गुंडाळला, मला दिसलंच नाही. खिळा भिंतीला लावला. हातोडी वर नेली. आई फोटो घेऊन खाली उभी, नरसय्या गारूंचा घास हातातच.

ठोका काही पडेना.

"अहो, काय झालं?" मी म्हटलं. "ठोका की!"

यांनी एकदा खुर्चीवरच्या नरसय्या गारूंकडं पाहिलं, मग मान वळवून स्वयंपाकघराकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले,

"अवं थांब ना. शिट्टी तं होऊ दे!"