तीन महिने देवाचं नाव नाही

मिशनरी व्हायचं म्हणजे आफ्रिकेच्या जंगलात जायचं, असं मला वाटायचं. मला धाडलं बोरिवलीला. बोरिवलीच्याही पुढं, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात, होडीनं. चहूकडं पाणी, माड, आणि वासानंच जीव घाबरा करणारे वाळत टाकलेले बोंबील. साल ऐंशीनंतरचं. मी नगरकडची, दुष्काळातली. मासा पाहिलेला तो पुस्तकातल्या चित्रात. वय बावीस, डोकं गरम, तोंड फटकळ.

पहाटे पाचला प्रार्थना, मग बालवाडीतली शेंबडी नाकं पुसायची, दुपारी दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायच्या, आणि चारनंतर घरभेटी. सगळं कॉन्व्हेंटच्या मुख्य नन, म्हणजे मदर, यांच्या नजरेखाली. सहा महिने झाले की मदर वरच्यांना पत्र लिहिणार होत्या, ही पोरगी नन होण्याची व्रतं घ्यायला लायक आहे की नाही. लायक नाही असं लिहिलं तर ट्रंक उचलून नगरला परत. ते मला मरणाहून वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू!

तीन महिन्यांनी मदरनी मला घरभेटीसाठी एक घर नेमून दिलं. एका कोळणीचं. तिचा तरणा मुलगा दर्यात गेला तो परत आला नव्हता. त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बाई चर्चची पायरी चढली नव्हती.

"तिला परत आण," मदर म्हणाल्या.

मी चांगलं भाषण पाठ करून गेले. "मावशी," म्हणून सुरुवात करते न करते तोच तिनं कोलंबीची टोपली माझ्यापुढं सरकवली.

"तोंड नंतर. आधी हात चालव गो."

कोलंबी सोलताना बोटांना टोचून टोचून रक्त आलं. टोपली संपेपर्यंत संध्याकाळची घंटा झाली आणि मला परत पळावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उद्या बोलू, उद्या बोलू करत तीन महिने गेले. आम्ही बोललो ते माशांवर, आमच्या गावच्या आटलेल्या विहिरीवर, तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर. कधी मुलाचा विषय निघायचा. तेव्हा मी आपली मुकाट्यानं सोलत राहायची.

एकदा बोलता बोलता पत्राचं निघालं. "मला बहुतेक घरी पाठवतील, मावशी," मी म्हटलं. तिनं नुसती पुढची कोलंबी उचलली. मला जरा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ठेवणीतलं लुगडं नेसून कॉन्व्हेंटच्या दारात हजर!

"मदर, या पोरीला कुठं धाडायचं नाय. गुणाची आहे. तीन महिने माझ्याकडं येते, एकदा देवाचं नाव नाय काढलं!"

मेले! मनात म्हटलं, लागली वाट.

बाई थांबते कसली. "माझा पोरगा गेला तेव्हा तू आलीस. दारातूनच बोललीस, देवाची इच्छा. आणि गेलीस निघून. ही येते ती बसते."

ती गेल्यावर मदरनी विचारलं, "खरं आहे?"

"हो. पण त्यात माझं शहाणपण काही नाही, मदर. मी घाबरत होते तिला."

मदर आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दुपारी मी ट्रंक भरायला घेतली.

चार वाजता मदर चपला घालून माझ्या दारात उभ्या. "चल." वाळूतून चालता चालता म्हणाल्या, "पत्र लिहिलंय. तू राहतेस." मला तिथंच रडू फुटलं. "डोळे पूस," त्या म्हणाल्या. "आता घाबरायची वेळ माझी आहे."

बाई ओट्यावर कोलंबी सोलत होती. मदर तिच्यापुढं उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी माझं चुकलं, बाई. मी बसायला हवं होतं."

बाईनं मान वर केली नाही. टोपली थोडी बाजूला सरकवून तिनं जागा केली.

"मग बस आता."