गादीला पडलेले भोक

चामडे जळाल्याचा वास आला की अकोटच्या कापसाच्या जिनिंगचे ते अंगण आठवते. मी तिथे वजनकाट्यावर होतो. सेमाडोहच्या घाटातून लाकूड आणणाऱ्या लॉरीचे ब्रेक झिजले होते, आणि मालकाने नव्या अस्तराऐवजी सरकी काढणाऱ्या जिन-यंत्राच्या जुन्या पट्ट्याचे चामडे ठोकून घेतले. भरल्या लॉरीने अंगणात फेरी मारताच चाकांतून धूर निघाला. "शेठजी, घाटात हे जळून जाईन, मी मरीन," ड्रायव्हर म्हणाला. मालक ओट्यावरच्या गादीवर लोळत हसला, "भिऊन काहून राह्यला बे? हा पट्टा अख्खं जिन ओढते, तुही लॉरी नाही थांबवत?" ड्रायव्हरने चाक उघडले आणि धुमसते चामडे सांडशीने काढून पांढऱ्या गादीवर टाकले. "मंग हे तुमीच ठेवा." गादीला भोक पडताच मालक किंचाळला. माणूस दरीत जाणार म्हटल्यावर तो हसला होता. मी त्याला अजून माफ केलेले नाही.