ब्रेकवरचा पाय

दुपारी जेवण झालं की मी आडवी होते ती झोपायला नव्हे, नुसती डोळे मिटून पडायला. आज तर झोप परवडणारच नाही. उन्हं कलली की जीप न्यायला माणूस येणार आहे. सन्मतीनं, माझ्या मुलानं, गाडीचे कागद टेबलावर काढून ठेवलेत. शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची वाफ सुटते. ती थांबत नाही, नुसती बारीक होत जाते. मग माझ्या लक्षात येतं की ही वाफ नव्हे, खाली शेडमध्ये कोणीतरी टायरची हवा काढतंय.

मी शेडमध्ये उभी आहे. जिना कधी उतरले ते माहीत नाही. पुढच्या चाकाशी हे उकिडवे बसलेत. हे म्हणजे माझे यजमान, भूपाल मगदूम. उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. गेल्या श्रावणात गेले. गेलेत हे मला इथंही पक्कं माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत असावं, कारण ते माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत. अंगात तोच खाकी शर्ट आहे, खिशापाशी ऑईलचा डाग असलेला. मी तो डाग घालवायला किती साबण झिजवला असेल.

"हवा कशाला काढताय?" मी विचारते. "न्यायला माणूस यायचाय."

"काढायला लागती," हे म्हणतात. "फुगलेलं चाक दगड धरत नाही."

दगड हा आमच्या घरातला विषय. लोक जीप घेऊन गोव्याला जातात, आम्ही गगनबावड्याकडच्या ओढ्यात जायचो. म्हैससुद्धा नको म्हणेल अशा दगडांवरून गाडी मुंगीच्या पावलानं चढवायची. पायी सहज ओलांडता येईल तेवढ्या जागेत अख्खी सकाळ घालवायची, गाडीखालच्या स्प्रिंगचा एखादा पाटा मोडून घ्यायचा, आणि दुपारी भाकरी-चटणी खाऊन, कपड्यांना चिखल फासून, लग्नघरातून आल्यासारखं खुशीत घरी यायचं. माझी बहीण म्हणायची, शेजारून चांगला रस्ता जातोय आणि तुम्हाला दगड कशाला लागतो? मला कधी धड उत्तर देता आलं नाही. परवा सन्मतीनंही तेच विचारलं. विकायच्या आधी निदान सांग तरी, म्हणाला, तुम्हा दोघांना त्यात मिळायचं काय. मी म्हटलं, ते बाबांना विचारायला हवं होतंस.

दगड चढताना चालवणाऱ्याला काही दिसत नाही. बॉनेट वर उचललं जातं आणि काचेत नुसतं आभाळ उरतं. म्हणून एक माणूस गाडीकडे तोंड करून पुढे उभा राहतो आणि चाक कुठं टाकायचं ते हातांनी सांगतो. जीपवाल्यांच्या क्लबातली पोरं त्याला स्पॉटर म्हणतात. आमच्या गाडीची स्पॉटर मी. नियम एकच, की चालवणाऱ्यानं दगडाकडे बघायचं नाही, त्या एका माणसाचे हात बघायचे. बोटं हलली की यायचं, मूठ दिसली की थांबायचं. ज्या माणसानं जन्मात माझं, स्वतःच्या आईचं, वर्कशॉपमधल्या भागीदाराचं, कुणाचं म्हणून ऐकलं नाही, तो माझी मूठ दिसली की श्वास रोखून थांबायचा. मला ते फार आवडायचं. लाज कसली त्यात.

"बस," हे म्हणतात.

मी सवयीनं डाव्या बाजूला जाते, तर तिथं सीटच नाही. एकच सीट आहे, स्टिअरिंगमागची. मी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. तरी बसते. अनवाणी आहे. गिअर कोण सांभाळतंय ते कळत नाही, माझ्या पायाखाली फक्त ब्रेक आहे, त्याच्या रबराच्या आडव्या खाचा तळव्याला टोचताहेत. हे पुढे जाऊन उभे राहतात. माझ्या जागी.

शेडचं दार उघडतं आणि बाहेर अंगण नाही, ओढा आहे. पाणी कुठंच वाजत नाही. दगड मात्र ओळखीचे आहेत. हा गुळगुळीत, हा चिरलेला, हा सशाच्या पाठीसारखा. हे हात उचलतात. मी ब्रेक थोडा सैल करते आणि गाडी कण्हत वर चढते. काचेतून आभाळ दिसतं, मग त्याच आभाळात ट्यूबलाइट लागलेल्या दिसतात. ओढ्याच्या दोन्ही काठांना हिरव्या रंगाच्या भिंती आहेत. फिनेलचा वास येतो. हा दवाखान्याचा व्हरांडा आहे, हे गेले त्या दिवशी मी ज्यात बाकावर बसले होते तोच. बाकही आहे, दगडांच्या मधे, पाण्यात पाय बुडवून.

तो बाक दिसतो आणि माझा राग उसळतो.

त्या सकाळी हे छातीवर हात ठेवून चहाला बसले होते. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ॲसिडिटी आहे म्हणाले. सोडा प्यायले, शर्ट चढवला. मी चपलासुद्धा न घालता फाटकापर्यंत मागे गेले, सांगत गेले. आणि हे गेले ते गेलेच. लेथपुढच्या स्टुलावर बसल्या बसल्या. दवाखान्यात नेलं ते नुसतं नेल्यासारखं.

"त्या दिवशी का नाही ऐकलंत?" मी विचारते. गाडीच्या आवाजात ऐकू जायला नको, पण जातं. "दगडावर माझ्या बोटाबोटाचं ऐकायचात. घरात तोंडानं सांगत होते, ओरडून सांगत होते."

हे हात खाली घेतात. विचार करतात. जिवंतपणी त्यांनी माझ्या प्रश्नावर कधी इतका वेळ घेतला नव्हता.

"दगडावर मला दिसायचं नाही गं," ते म्हणतात. "दिसत नाही हे तिथं कळायचं. घरात वाटायचं, मला सगळं दिसतंय."

"मग जिथं दिसत नाही तिथं हौसेनं जायचं कशाला?"

"म्हणूनच की. तेवढा वेळ बरं वाटायचं बघ. पुढचं कोणतरी दुसरं बघतंय. आपण नुसता पाय हलका ठेवायचा." मग म्हणतात, "दिवसभर लेथवर मीच बघायचं, घरात मीच बघायचं, असं वाटायचं मला. तिथं गेलं की खांदे उतरायचे."

"हे मला सांगितलं का नाहीत कधी?"

"सुचलं नाही."

एवढंच. मला रडू येतं आणि रागही येतो. सन्मतीला सांगायला आता माझ्याकडे उत्तर आहे, पण ते ज्याच्याकडून वेळेवर हवं होतं तो माणूस समोर पाण्यात उभा आहे आणि त्याचा शर्ट कोरडा आहे.

हे पुन्हा हात उचलतात. बोटं हलतात, ये. मी ब्रेक सोडते, गाडी वीतभर पुढे येते. हे वीतभर मागे सरकतात. पुन्हा मी वीतभर, पुन्हा ते वीतभर. मीही अशीच मागे सरकायचे, पाठीमागे न बघता, टाचेनं दगड चाचपत. पुढे उभा असलेला माणूस मागे सरकला नाही तर गाडी त्याच्या अंगावर जाईल. इतकी वर्षं हे करताना मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं.

आता मला त्यांच्या मागचं दिसतं. व्हरांडा संपतो तिथं भिंत नाही, जिना नाही. काळं, सपाट पाणी आहे आणि त्याला पलीकडचा काठ नाही.

मी ब्रेक दाबते. हे थांबतात.

"ये की," ते म्हणतात.

"नाही येणार."

"का गं?"

"मी आले की तुम्ही मागे जाणार."

"मग? पुढं उभारणाऱ्यानं दुसरं काय करायचं असतंय?"

गाडी तिरकी होऊन लटकली आहे. डावं पुढचं चाक हवेत आहे, ते हळूहळू फिरतंय. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरते आणि उजव्या पायावर सगळा भार टाकते. इथंच राहीन. फिनेलच्या वासात, दगडावर, वाकडी. हे समोर आहेत, त्यांच्या भुवईतला पांढरा केस दिसतोय. यापेक्षा जास्त मला काय हवं आहे?

"पाय थरथराय लागलाय तुझा," हे म्हणतात.

"लागू दे."

"दगडावर घर करून राहतंय काय कोण?"

"मूठ दाखवा," मी म्हणते. "तुम्ही नुसती मूठ दाखवा. मी थांबते. मी जन्मभर थांबते."

हे मूठ दाखवत नाहीत. दोन्ही तळवे स्वतःकडे वळवतात आणि बोटं हलवतात. ये. ये. सावकाश. चेहऱ्यावर काही नाही, फक्त लक्ष आहे, चाकावर असतं तसं. मी त्यांच्या हातांकडे बघत राहते, कारण नियम तोच आहे. पोटरीत गोळा येतो. पाय आपोआप हलका होतो.

हवेतलं चाक टेकतं. मग मागचं. बॉनेट खाली येतं, आणि समोर पाणी नसतं, हेही नसतात. आमच्या छताचा पंखा असतो.

सन्मती हाक मारतोय. आई, ते लोक आलेत. मी उठायला जाते आणि उजवा पाय टेकवत नाही, पोटरीचा दगड झालाय. तो पायाशी बसून पोटरी चोळतो. झोपल्या जागी एवढा गोळा कसा आला गं, म्हणतो. मग हात थांबवून तळव्याकडे बघत राहतो. मीही पाय वळवून बघते. तळव्यावर आडव्या रेघा उमटल्यात, खोल, समान अंतरावर. मी कॉटवर बोटं फिरवून बघते. पायाशी मऊ चादर आहे. दुसरं काही नाही.

मी अनवाणीच, लंगडत अंगणात येते. इचलकरंजीचा तरुण आहे. जीपभोवती फिरून खाली वाकून बघतोय, माणूस दर्दी आहे. त्याची बायको बाहेर त्यांच्या गाडीतच बसली आहे. मी त्याला विचारते, दगडावर जाताना पुढं कोण उभं राहतं? तो हसून म्हणतो की कॅमेरा बसवून घेणार आहे, म्हणजे कुणाला उतरवायला नको. एकदा बायकोला उभं केलं होतं, पण आमचं दोघांचं जमत नाही, मावशी.

मी फाटकाबाहेर जाऊन त्या मुलीला हाक मारते. प्रज्ञा नाव तिचं. तिला शेडच्या तोंडाशी, बरोबर मधोमध उभी करते आणि हात कसे धरायचे ते दाखवते. हे ये. ही मूठ. मूठ दाखवलीस की खाली घ्यायची नाही, त्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी. ती लाजते, पण हात बरोबर धरते. मग मी जीपपाशी जाते.

"हिचे हात सोडून काही बघायचं नाही," मी त्याला म्हणते. "आपल्याला दिसतंय असं वाटलं तरी नाही. आणि घरी गेल्यावरसुद्धा जरा ऐकत जा."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि हसत नाही. किल्ली फिरवतो. जीप शेडमधून गटाराच्या फरशीवर येते, एक चाक घसरतं, तिची मूठ वर जाते आणि तो थांबतो. मग बोटं हलतात. ती एकेक पाऊल मागे सरकत फाटकाबाहेर जाते आणि जीप तिच्या मागोमाग. मला मूठ दाखवावीशी वाटते. मी हात पदरात गुंडाळून धरते.

आवाज वळणापर्यंत येतो, मग येत नाही. मी पायरीवर बसते आणि उजवा पाय मांडीवर घेऊन बघते. रेघा पुसट झाल्यात, पण आहेत. अंगणातली फरशी तापली आहे, म्हणून सन्मती माझ्या चपला आणून समोर ठेवतो. मी त्या घालत नाही.