खाली न टेकवलेला त्रिशूळ

देवाधर्माचं माझं फारसं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला डोंगर आवडायचे. नोकरीतल्या सगळ्या सुट्ट्या मी सातपुड्यात घालवल्या आणि प्रत्येक शिखराची वाट एका वहीत लिहून ठेवली. गाडी कुठपर्यंत जाते, पाणी कुठे मिळतं, कुठला कडा टाळावा, सगळं. चौरागडाच्या पानावर लिहिलं होतं, 'नागपूरहून छिंदवाड्यावरून पचमढी, महादेवाच्या गुंफेपर्यंत जीप, पुढे पायऱ्या. सोपं. सोबतीची गरज नाही.' बायको म्हणायची, "मले बी न्या ना जी एकडाव." मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

एकदा मी अशाच एका शिखरावर वाट चुकलो आणि दोन दिवस बेपत्ता होतो. तेव्हा तिने महादेवाला नवस केला, हे सुखरूप आले तर दोघं मिळून चौरागडावर त्रिशूळ वाहू. मी आलो, आणि वर तिलाच हसलो. गेल्या दिवाळीत ती गेली. माळा आवरताना तिच्या जुन्या पातळात गुंडाळलेला त्रिशूळ सापडला, चांगला माझ्या खांद्याएवढा उंच, उचलायला दोन्ही हात लागावेत इतका जड. लोहाराकडून कधी करून आणला, देव जाणे. मला सांगायचीसुद्धा सोय मी तिला ठेवली नव्हती. त्या दिवशी मी ढसाढसा रडलो.

महाशिवरात्रीला गर्दी असते म्हणून जत्रा संपल्यावर गेलो. फार शहाणा ना मी! नवसाचं सांगताना तिने घातलेली एक अट तेवढी आठवत होती: एकदा खांद्यावर घेतला की वर पोचेपर्यंत त्रिशूळ जमिनीला टेकवायचा नाही. जत्रेत लोक एकमेकांचा धरतात. इथे माकडांशिवाय कोणी नव्हतं. अर्ध्या पायऱ्यांवर गुडघ्याने दगा दिला. त्रिशूळ मांडीवर आडवा घेऊन बसलो खरा, पण उठता येईना. उठायचं तर हात टेकायला हवा, आणि हात टेकायचा तर त्रिशूळ खाली ठेवायला हवा. तासभर तसाच बसून होतो. कोण बघतंय, ठेव खाली, असं दहादा मनात आलं. पण मग तिचं हेही मागणं राहिलं असतं. इतकं एकटं मला जन्मात वाटलं नव्हतं. शेवटी मोठ्याने बोललो, "महादेवा, माझ्याच्याने होत नाही. कोणीतरी धरा रे!" आयुष्यात पहिल्यांदाच कोणाकडे मदत मागितली असेल मी.

थोड्या वेळाने खालून एक बाई धापा टाकत आली. सावनेरकडची, जत्रेत लिंबूपाण्याचं दुकान लावणारी. "काहून जी भाऊ, असे काहून बसून राहिले?" मी सांगितलं. ती हसली. "अन् एकटेच आले? कमाल करता! द्या इकडे. जत्राभर लोकाईले पाणी पाजलं, माहंच दर्शन राहून गेलं होतं." तिने त्रिशूळ खांद्यावर घेतला, मी कसाबसा उठलो. मग आळीपाळीने नेत आम्ही वर पोचलो. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. वाटेत दोनदा थांबून तिने तंबाखू मळला. पण शिखरावर त्रिशूळ रोवताना तिने दांड्याला हात लावला आणि म्हणाली, "वहिनीच्या नावानं लावतो जी." दोघांनी मिळून वाहायचा होता, दोघांनीच वाहिला.

सगळ्या वाटा मला ठाऊक आहेत, या गुर्मीत इतकी वर्षं चाललो. हात पुढे करायला शिकवण्यासाठी देवाला माझा गुडघा धरून बसवावं लागलं, त्याचे उपकार. घरी येऊन वही काढली. 'सोबतीची गरज नाही' ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं: सोबत न्यावी. ती म्हणेल त्याच वर्षी न्यावी.